मागच्या दाराची कडी

मी मॅट्रिक आहे. आता त्या परीक्षेला दहावी म्हणतात. पण आमचे वडील शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, आणि माझा निकाल लागला त्याच पावसाळ्यात ते गेले, म्हणून तो शब्द मी जपून ठेवला आहे. त्यानंतर मी शाळेत गेलो तो टेबलाच्या पलीकडे उभा राहायला. सिंधुदुर्गातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका लहानशा खाजगी शाळेत धाकट्या वर्गांना मराठी शिकवता शिकवता वीस-बावीस वर्षे गेली, आणि रात्री, रविवारी, मे महिन्यात अशा उरल्यासुरल्या वेळात तीन कादंबऱ्याही लिहून झाल्या. त्या कोणी वाचल्या, हा प्रश्न दिवाळीच्या दिवसांत विचारू नये.

तेव्हा, एम. ए. करणाऱ्या मुलांना शिकवायला मदत करा, असे बोलावणे गेल्या पावसाळ्यात आले, त्या वेळी निरोप्या घर चुकला असावा असेच मला वाटले. शेजारी एक प्राध्यापक राहतात. पण निरोप माझाच होता. दुसऱ्या दिवशी एका महाविद्यालयातल्या समुपदेशनाच्या वर्गाच्या बाई छत्री मिटत स्वतः ओटीवर येऊन बसल्या. समुपदेशन म्हणजे नवराबायकोचे भांडण कोर्टात गेले की करतात ते, अशी आमच्या सौ.ची समजूत, त्यामुळे चहा बाहेर यायला जरा उशीर झाला.

बाई म्हणाल्या, "आमची मुलं शहरात खोली थाटून बसणारी नाहीत. सरकारी आरोग्य केंद्रात, डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसणार आहेत. तिथं येणारा माणूस मन घेऊन येत नाही. पोट घेऊन येतो, कंबर घेऊन येतो. आमची मुलं पुस्तकातून शिकलेली, आणि पुस्तकातला रोगी फार नीट बोलतो. मला नीट न बोलणारे रोगी हवे आहेत. तुम्ही माणसं लिहिता ना? मग मला सहा माणसं लिहून द्या. आणि एखाददुसरं तुम्हीच करून दाखवा."

एवढ्या मोकळेपणाने कोणत्याही प्रकाशकाने माझ्याकडे काही मागितले नव्हते. मी हो म्हटले.

सहांपैकी पाच माणसे मी चार रात्रींत लिहिली. साखरेच्या गोळ्या आपण होऊन बंद केलेला एक बागायतदार. रोज संध्याकाळी पिणारा आणि सकाळी हात थरथरतो म्हणून दवाखान्यात येणारा गवंडी. दोन महिन्यांचे मूल मांडीवर घ्यावेसे न वाटणारी एक तरुण आई. छातीत धडधडते म्हणून तीनदा हृदयाची पट्टी काढून घेतलेला आणि तिन्ही पट्ट्या चांगल्या आल्या म्हणून अधिकच घाबरलेला निवृत्त कंडक्टर. डोके दुखते म्हणून कॉलेज बुडवणारा मुलगा. सहावे माणूस मात्र मी रचले नाही. ते आमच्या घरात होते.

आक्का माझी मोठी बहीण. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. वडील गेल्यावर माझ्या वह्यापुस्तकांचे पैसे तिच्या सासरहून येत, ते ती कशातून वाचवी हे मी कधी विचारले नाही. २००३ साली तिच्या यजमानांचे चहाचे दुकान कर्जात बुडाले आणि एका रात्री ते घरातून निघून गेले. शोध केला, पोलिसांत कळवले, पंढरपूरपर्यंत जाऊन आलो. मूलबाळ नव्हते. आक्का आमच्याकडे आली ती एक ट्रंक आणि एक गुडघा घेऊन. त्या दिवसापासून तो गुडघा आमच्या घरातला एक माणूसच होऊन बसला आहे. त्याच्या जोडीला पुढे पोटातली जळजळ आली, डोके गरगरणे आले, अंगात त्राण नसणे आले. तालुक्यातला एकही डॉक्टर आक्काची जीभ पाहायचा राहिला नाही. त्यांतल्या एकाने तर सहासात वर्षे दर पंधरा दिवसांनी तिला सुई टोचली आणि लाल-पिवळ्या गोळ्यांच्या पुड्या दिल्या. तिच्या उशाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत पुड्यांचा आणि केसपेपरांचा जो साठा आहे तो एखाद्या दप्तरखान्याला शोभेल.

आणि रात्री दोनच्या सुमाराला उठून ती मागच्या दाराची कडी वाजवते. मी लावलेली कडी पुन्हा एकदा तपासून पाहते, असे आम्ही समजत होतो.

हे सगळे मी २०१४ साली माझ्या दुसऱ्या कादंबरीत वापरून टाकले होते. त्यात एक कडीआत्या आहे. दिवसभर डॉक्टरांना जीभ दाखवायची आणि रात्रभर कड्या तपासायच्या, हा तिचा उद्योग. माझ्या पुस्तकाबद्दल जी काही थोडी पत्रे आली त्यांत सर्वांनी तिचीच तारीफ केली होती. एका वाचकाने तर हसून हसून पुरेवाट झाली असे लिहिले होते. आक्का पुस्तके वाचत नाही, पण शेजारच्या मुलीकडून ते प्रकरण तिने वाचून घेतले. मला एवढेच म्हणाली, "बरा लिवलस." तिच्या गुडघ्याबद्दल मी लिहिले म्हणून ती सुखावली असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली. लेखकाला अशा समजुती फार चटकन करून घेता येतात.

असो. सहावे माणूस म्हणून मी कडीआत्याच पुन्हा लिहून दिली.

वर्ग भरायचा तो आरोग्य केंद्राच्या मागच्या हॉलमध्ये, दुपारी बाह्यरुग्ण विभाग संपल्यावर. केंद्राच्या पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव आहे; २०२३ साली देशभरच्या केंद्रांना ते मिळाले. आत मात्र तेच बाकडे, तीच वजनाची काट्याची पेटी, तीच लसींच्या पेटीवर झाकलेली चादर. समुपदेशनासाठी जी खोली दिली होती तिच्यात अर्ध्या भागात औषधांची खोकी होती आणि दाराला कडी नव्हती. मुलांनी पहिल्या दिवशी ती खोली पाहिली आणि त्यांची तोंडे उतरली. त्यांच्या पुस्तकात शांत खोली, दोन खुर्च्या, मध्ये पाण्याचा पेला आणि पन्नास मिनिटे असतात म्हणे. इथे पंधरावीस मिनिटे मिळणार, आणि त्यांतही नर्सबाई दोनदा दार ढकलून गोळ्यांचे खोके न्यायला येणार.

बाई म्हणाल्या, "दार उघडलं की थांबायचं. बंद झालं की त्याच वाक्यापासून पुढं. सवय करा."

पहिले तीन दिवस तर त्यांना बोलूच दिले नाही. नुसते डॉक्टरांच्या मागे स्टुलावर बसायचे आणि पाहायचे. काही मुले चिडली. आम्ही मनाचे शास्त्र शिकतो, रक्तदाबाचे यंत्र कशाला शिकायचे, असा त्यांचा सवाल. मलाही तो पटला होता. पण तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. चाळिशीच्या, सुस्त, कशातच मन नाही, रडू येते. एका विद्यार्थ्याने वहीत लगेच दुःखाचे मोठे नाव लिहून टाकले. डॉक्टरांनी मान तपासली, रक्त तपासायला पाठवले, आणि दोन दिवसांनी कळले की गळ्यातली ग्रंथी मंदावली होती. त्या थायरॉइडच्या गोळीने बरे होणाऱ्या दुखण्यावर आमच्या विद्यार्थ्याने सहा आठवडे गोड बोलण्याचा घाट घातला असता. अंगात रक्त कमी असले तरी माणूस असाच मलूल दिसतो. आणि याच्या उलटही असते. मन खचलेला मधुमेही गोळ्या घेत नाही, पथ्य पाळत नाही; त्याची साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर गोळी वाढवत राहतात. एकाच माणसाचे दोन तुकडे करून एक या खोलीत आणि एक त्या खोलीत पाठवता येत नाही, हे त्या मुलांना तीन दिवस मुकाट बसून कळले. मी रोज शाळेत तोंड चालवणारा माणूस. मला ते बाकड्यावरून बघूनही हेवा वाटला.

बाईंनी गोव्याची हकीकत सांगितली तीही मला फार आवडली. आमच्यापासून गोवा हाकेवर. बाजाराला आणि दवाखान्याला आमची अर्धी माणसे तिकडेच जातात. तिथे संगथ नावाची संस्था १९९६ सालापासून आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दवाखान्यांत एक मोठा प्रयोग केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने, एकंदर २,७९६ रोगी. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी आरोग्याच्या क्षेत्रात पूर्वी कधी काम न केलेल्या स्थानिक स्त्रियांना सुमारे दोन महिने शिकवून डॉक्टरांच्या जोडीला बसवले. येणाऱ्याला बारा प्रश्न विचारायचे, दुखणे काय ते समजावून सांगायचे, गरज वाटली तर डॉक्टरांनी औषध द्यायचे, या स्त्रियांनी बोलायचे, आणि फारच जड प्रकरण असले तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवायचे. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या पत्रात त्याचा निकाल छापून आला. सरकारी केंद्रांत, ज्यांचे दुखणे खरोखर मनाचे ठरले होते त्यांच्यापैकी, सहा महिन्यांनी अशा मदतीच्या ठिकाणी शंभरात सुमारे सहासष्ट माणसे सावरली होती. नेहमीच्या पद्धतीच्या ठिकाणी बेचाळीस-त्रेचाळीस. खाजगी दवाखान्यांत मात्र काही फरक दिसला नाही, हेही बाईंनी लपवले नाही.

पुढे तिथल्याच दहा सरकारी केंद्रांत आणखी दोन प्रयोग झाले, एक खिन्नतेवर आणि एक पुरुषांच्या दारूवर. पहिल्यातले बोलणे सहा ते आठ भेटींचे. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटली. बोलणाऱ्या मंडळींच्या भेटी त्या रोग्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करीत आणि नंतर सगळी मिळून ऐकत, एकमेकांना गुण देत. साहेबाने नव्हे, बरोबरीच्यांनी. आमच्याकडे शाळा-तपासणीला हा नियम लावला तर काय होईल, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि तो मी तिथेच दडपला.

एका मुलाने विचारले, "बाई, दोन महिन्यांत शिकलेल्या बायकांना हे येतं, तर आम्ही दोन वर्षं कशाला घालवतो?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "बोलायचं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. समोरचं माणूस कुणाच्या घरचं, कुठल्या वाडीतलं, काय म्हटलं म्हणजे उठून जाईल, ते त्यांना ठाऊक होतं. आता तुम्ही तेवढं शिका."

ही सगळी कल्पना काही आजची नव्हे. भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना मांडली. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला, तेव्हा मनाच्या दुखण्याचे उपचारही या केंद्रांतूनच मिळावेत असे कागदावर ठरले. त्या कागदाला आमच्या तालुक्याला पोचायला किती एस. ट्या बदलाव्या लागल्या ते पाहा!

चिठ्ठी देऊन रोग्याला पाठवायचे नाही, हाही एक धडा होता. चिठ्ठी हातात पडली की माणूस तिच्यावरचे 'मन' हे अक्षर वाचतो आणि सरळ एस. टी. पकडून घरी जातो. म्हणून डॉक्टरांनी खुर्चीवरून उठायचे, चार पावले चालत जायचे आणि म्हणायचे, "ह्या आमच्यातल्याच. मी गुडघ्याचं बघतो, झोपेचं ह्या बघतील." चार पावलांनी एवढा फरक पडतो यावर माझा विश्वास बसला नसता. पण मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

सर्वांत अवघड गेला तो नववा प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कामात लक्ष लागते का, असे नऊ प्रश्न विचारायचे असतात; शेवटचा प्रश्न, जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का, असा. मुले आठव्यापर्यंत धडाधड येत आणि नवव्याला पायांच्या बोटांकडे बघत पुटपुटत. एक तर म्हणाला, "तसलं काही नाही ना तुमच्या मनात?" बाईंनी त्याला तिथेच थांबवले. "असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? 'नाही' हे उत्तर तूच त्याच्या तोंडात घातलंस." विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही, उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे खाली ठेवायला जागा मिळते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. मग मुले भिंतीसमोर उभी राहून तो एकच प्रश्न वीस वीस वेळा म्हणू लागली, पाढ्यासारखा. हॉलच्या खिडकीतून आशाताई डोकावून बघत. उत्तर 'हो' आले तर माणसाला एकटे सोडायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचे, घरातले विश्वासाचे माणूस बोलवायचे, आणि रात्री-अपरात्री बोलता यावे म्हणून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक लिहून द्यायचा. बाकीचे जे काही रोगी सांगेल ते त्या खोलीतच ठेवायचे. आमच्यासारख्या गावात हे शेवटचे व्रत सर्वांत कडक.

माझी पाळी नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात आली. लुगडे नेसलो नव्हतो, एवढे सांगून ठेवतो. खांद्यावर सौ.ची शाल मात्र घेतली होती. समोर बसली ती वर्गातली सर्वांत अबोल मुलगी. दोडामार्गाकडची, बारीक, दोन वेण्या घालणारी. आजवर तिला कोणी फारसे बोलताना ऐकले नव्हते. मला तिची कीव आली. एवढ्याशा मुलीसमोर मी माझी पट्टीची आक्का घेऊन बसलो होतो.

मी सुरुवात केली. गुडघा, मग पोट, मग गरगरणे. जीभ काढून दाखवली. पिशवीतून पुड्या काढल्या. वर्ग हसायला लागला. मी अधिकच रंगात आलो. ती मुलगी हसली नाही. तिने पुड्या हातात घेतल्या, एकेक पाहिली, आणि म्हणाली, "दुखणं बरंच जुनं आहे. एवढं दुखत असताना दिवस कसा जातो तुमचा? सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

"दूध तापवते."

"मग?"

मी सांगत गेलो. दूध, अंगण, तांदूळ निवडणे, दुपार. मध्येच एक मुलगा ठरल्याप्रमाणे दार ढकलून आला, खोके उचलून गेला. ती थांबली, आणि दार लागल्यावर म्हणाली, "दुपारपर्यंत आलो होतो आपण."

संध्याकाळ झाली, रात्र झाली. "झोप नाही," मी म्हणालो. "दोनला जाग येते."

"जाग आल्यावर काय करता?"

"मागच्या दाराची कडी बघते."

वर्ग पुन्हा हसला. तिने हसू ओसरू दिले.

"कडी लागलेली असते तेव्हा?"

"असते की."

"मग कशासाठी बघता?"

वाचकहो, मी तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. माझ्या पात्रांनी काय केले आणि का केले, हे मला विचारावे, मी तासभर सांगेन. आणि मास्तर म्हणून तर उभ्या आयुष्यात मी असा एकही प्रश्न विचारलेला नाही की ज्याचे उत्तर मला आधीच ठाऊक नव्हते. चोरावर पाळत, असे म्हणायला माझ्या जिभेवर शब्द आलाही होता. पण आमच्या घरात चोराने न्यावे असे काय आहे, हे आक्कालाही माहीत आहे. मी गप्प बसलो. ती मुलगीही गप्प बसली. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही, मान हलवली नाही, पाणी देऊ का म्हटले नाही. बाईंनी नंतर सांगितले की अकरा सेकंद झाली होती. मला ती शाळेच्या एका तासाएवढी वाटली.

मग ती हळूच म्हणाली, "आज सांगायचं नसेल तर राहू दे. मंगळवारी मी इथंच असते."

खेळ संपला. बाईंनी तिच्या तीन चुका काढल्या. गोळ्या पाहिल्या पण त्या कशाच्या हे डॉक्टरांना विचारीन असे म्हटले नाही. खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवली. नऊ प्रश्न राहूनच गेले. "कडीचा प्रश्न चांगला होता," एवढे त्या शेवटी म्हणाल्या. मला कोणी काही विचारले नाही. शालीची घडी करायला मला बराच वेळ लागला.

त्या रात्री मी जागाच होतो. दोनला कडी वाजली. मी उठून मागच्या पडवीत गेलो. आक्का पायरीवर बसली होती, पाऊस नुकता थांबलेला.

"आक्का, कडी मी लावलेली मगे."

"माहीत आसा," ती म्हणाली. "म्हणानच उठतंय. तू लावतस, मी काढतंय."

मला काही कळेना. दार खरेच उघडे होते. नुसते लोटून ठेवलेले.

"कित्याक गो?"

ती बराच वेळ बोलली नाही. माझ्या तोंडात दहा वाक्ये येऊन गेली. मास्तरांच्या तोंडात ती येतातच. मी दात दाबून मोजू लागलो. अकरा झाले, वीस झाले.

"इले तर मागल्या दारानच येतले," आक्का म्हणाली. "लोकांची देणी ठेवन गेले ना. पुढल्या दारान येवक तेंका लाज वाटतली."

आणि पहाटे आम्ही उठायच्या आत ती कडी पुन्हा लावून ठेवीत असे, म्हणजे माझ्या मनाला लागू नये. २००३ सालापासून.

मी तिच्या शेजारी बसलो. आता ते येणार नाहीत, असे मला म्हणायचे होते; म्हटले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "जा, नीज. सकाळी शाळा आसा तुझी."

पुढच्या मंगळवारी गुडघा दाखवायला म्हणून मी तिला केंद्रात नेले. हे मी फसवून केले असे नाही. गुडघा खराच होता. डॉक्टरांनी वाकवून, दाबून पाहिला, फोटो काढवला. सांध्यातली गादी झिजली होती. इतकी वर्षे आम्ही घरात ज्या गुडघ्यावर हसलो तो खोटा नव्हताच. पिशवीतल्या पुड्यांत दुखणे मारायच्या गोळ्या होत्या, त्या वर्षानुवर्षे खाऊन पोटात जळजळ सुरू झालेली. म्हणजे एका दुखण्याच्या औषधाने दुसरे दुखणे आणले होते. डॉक्टरांनी त्या बंद केल्या, खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम दाखवला, रक्तदाबाची गोळी दिली, आणि मग उठले. चार पावले चालले. "ह्या आमच्यातल्याच," ते म्हणाले.

आत ती दोन वेण्यांची मुलगी होती. तिने मला ओळखले, आक्काला मात्र ती ओळखत नव्हती, आणि माझ्याकडे बघून तिने एक अक्षरही काढले नाही. मी बाहेर बाकड्यावर बसलो. सुई टोचलेले एक पोर रडत होते, नंबर पुकारले जात होते, नर्सबाई दोनदा दार ढकलून आत गेल्या आणि खोके घेऊन बाहेर आल्या. मला आतले काही ऐकू आले नाही. वीस-बावीस मिनिटांनी आक्का बाहेर आली.

"काय म्हणाली?" मी विचारलेच.

"गुडघो वाकवन दाखव म्हणाली."

"आणि?"

"पुढल्या मंगळवारी ये म्हणाली."

तेव्हापासून आक्का चार मंगळवार गेली आहे. काय बोलते ते मी विचारत नाही. एवढे दिसते की पूर्वी ती तिन्हीसांजेला शेजारच्या अंगणात अबोलीचे वळेसर करायला जाऊन बसत असे, ते कधीचे सुटले होते, ते पुन्हा सुरू झाले आहे. "मन लागल्यावर जाईन म्हटलं तर जाणं होत नाही, आधी जाऊन बसायचं," असे कोणीतरी तिला सांगितलेले दिसते, कारण परवा ती हेच सौ.ला सांगत होती. झोप अजून पुरती लागत नाही. गुडघा दुखतो.

बाईंना मी सांगितले की सहावे माणूस मी परत घेतो, पुढच्या वर्गाला दुसरे लिहून देईन. त्यांनी का म्हणून विचारले नाही. त्यांच्या धंद्यात ते चालत असावे.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी आक्काला वाचून दाखवला. या वेळी शेजारच्या मुलीला बोलावू दिले नाही. चकल्यांची भाजणी चाळता चाळता तिने सगळा ऐकला, दोन वाक्ये काढायला लावली, ती मी काढली आहेत, आणि तिचे वय मी एका ठिकाणी चुकवले होते ते दुरुस्त केले आहे. कडीआत्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारले नाही.

मागच्या दाराची कडी आता मी लावत नाही. सौ.ची तक्रार आहे, कारण रात्री मांजर आत येते. परवा दुधावरची साय गेली, आणि काल फराळाच्या डब्याचे झाकण उघडे राहिले होते त्यातल्या चार करंज्याही. चोरी कोणाची हे ठरायचे आहे, कारण मांजर करंज्या खाते की नाही यावर आमच्या घरात दुमत आहे.